सहा झाकलेले पेले

घड्याळबाबांच्या पायजम्याच्या नाडीला तिची गाठ होती, आणि ती तिनं बांधलेली नव्हती.

झालं ते एवढंच. सकाळचे सात वाजून गेले होते. वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत सहा खाटांवर सहा म्हातारे आपापल्या उबेत पडले होते, ऊन पहिल्या खाटेच्या लोखंडी कडेपर्यंत पोचलं होतं, आणि दोन दिवसांच्या ब्रेकनंतर परत आलेली ती, हात धुऊन, गरम पाण्याची बादली खाटेशी ठेवून, अंग पुसायला म्हणून वाकली होती. बोटं सवयीनं नाडीकडे गेली आणि तिथंच थांबली. एक कान मोठा, एक लहान, टोक आत दुमडून वरून एक आडवा फेर. तिनं बांधलेली दोन दिवसांत कधीच सुटली असणार, आणि अशी गाठ तिच्या माहितीत दोनच माणसांना येत होती. एक ती स्वतः आणि दुसरे तिचे वडील, आणि वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती. क्षणभर तिला वाटलं, तेच येऊन बांधून गेले असतील. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, पण वडिलांवर होता. ते गोदामात पोत्यांची तोंडं बांधायचे आणि म्हणायचे, गाठ अशी हवी की हजार कोस हादरे खाऊन सुटू नये आणि लहान पोरानं एका बोटानं ओढली तर राहू नये. चौदा वर्षांपूर्वी ती या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पाहिलं होतं की म्हातारे नाडीशी झटत राहतात. घाई झालेली असते, बोटं ऐकत नाहीत, आधीच्या बाईनं मारलेली गाठ दगडासारखी बसलेली असते, आणि मग जे व्हायचं ते होतं. त्यानंतर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडतो, दुपारचं जेवत नाही, आणि मुलगा भेटायला आला तर झोपेचं सोंग घेतो. तिनं दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना वडिलांची गाठ बांधली. एका बोटाची ओढ, की मोकळं. आठवड्याभरात सहाच्या सहा म्हाताऱ्यांनी मनातल्या मनात ठराव करून टाकला की ही बाई आपली.

ठराव त्यांचा. संस्थेच्या कागदावर ती कुणाचीच नव्हती. आली होती चार दिवसांसाठी, बदली म्हणून. तिच्या आधीची जुनी मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती आलीच नाही. ते बाळ आता स्वतः सायकल मारत शाळेत जातं, त्याला मिसरूड फुटायला आलं, पण जुन्या मावशीची रजा काही संपलेली नाही. कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटावर अजून तिचं नाव आहे. आणि हिची सही वेगळ्या, सुट्या कागदावर, ‘च्या जागी’ अशा छापील रकान्यासमोर. सगळे हिला बदलीच म्हणत. स्वयंपाकी म्हणे, व्यवस्थापक म्हणे, म्हातारे तर इतक्या मायेनं म्हणत की ते लाडाचं नाव वाटावं. तिलाही ते तसंच वाटे. एकदा बाजारात कुणीतरी तिला खऱ्या नावानं हाक मारली, तर ती चार पावलं पुढं जाऊन मग थांबली होती.

दर ऐंशी दिवसांनी व्यवस्थापक तिच्या कागदावर पुढच्या दोन तारखांभोवती पेन्सिलीनं गोल काढी. त्याला ब्रेक म्हणायचं. ब्रेक का, तर काम सलग होऊ नये म्हणून, सलग झालं की माणसाला कायम करावं लागतं. सलग हा शब्द तो फार हळू आवाजात उच्चारायचा, घरातल्या दुखणाइताचा आजार पाहुण्यांसमोर सांगावा तसा. माणूस वाईट नव्हता. तिचं मनगट संडासाच्या ओल्या फरशीवर मोडलं तेव्हा तोच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, आणि वाटेत त्यानंच अवघडत सांगितलं की बाई, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, तेव्हा संस्थेला काही करता यायचं नाही, आणि लगेच खिशातली एक गोळी तिला दिली. खोकल्याची होती. दीड महिना तिनं डाव्या हातानं सहा पाठी पुसल्या, कारण घरी बसली असती तर हिच्या जागी दुसरी बदली आली असती, आणि चार दिवसांच्या बदल्या किती वर्षं राहतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

कायम करा असा अर्ज नणंदेनं लिहिला. नणंद शाळेत शिपाई, कायम, आणि कायम माणसाच्या पाठीचा कणाच वेगळा असतो असं हिला नेहमी वाटे. ती खुर्चीत बसली तरी उभी असल्यासारखी दिसायची. वहिनी, ती म्हणाली होती, चौदा वर्षं दुसरीची रजा भरतेयस, निदान ती रजा संपली का एवढं तरी विचार कुणाला. अर्जात ‘पद’ असा एक रकाना होता. त्यापाशी दोघी बराच वेळ बसून राहिल्या. मी काय करते, असं मनाशी म्हणत हिनं सगळी सकाळ आठवली: कूस बदलणं, पाठीला कुठं लाल डाग दिसतो का पाहणं, पावडर, नखं, कानामागं साबण राहिला का ते, मास्तरांच्या कवळीचा डबा, मुक्या बाबांच्या डोळ्यांतून हवं-नको ओळखणं. रकाना बोटभर होता. शेवटी नणंदेनं तो मोकळाच सोडला. त्या अर्जावर चौकशीला आज अकरा वाजता कामगार कार्यालयातून एक बाई येणार होत्या. ठरलं तर आजच, नाहीतर पुन्हा ऐंशी दिवस आणि पेन्सिलीचे गोल, ती साठीची होऊन वाकेपर्यंत, आणि मग एक दिवस तो गोल पुसायचा राहील, बस्स.

आणि आजच्याच सकाळी ही गाठ.

तिनं ती ओढली. सुटली, अगदी रीतीप्रमाणे. कुणीतरी आलं होतं. या दोन दिवसांत इथं दुसरी कुणी होती, आणि तिला गाठसुद्धा येत होती. अंग पुसता पुसता ती चोरासारखी खुणा शोधू लागली. कंगव्यात लांब केस, दाराआड परकी चप्पल, उशीला वेगळ्या तेलाचा वास. काही नव्हतं. खोली लख्ख होती. चादरी ताठ, चपलांचे सहा जोड ओळीत, सहा स्टुलांवर काचेचे सहा पेले काठोकाठ भरलेले, ताटलीनं झाकलेले. ब्रेकवर जायच्या संध्याकाळी ती ठेवून जाई तसे. घड्याळबाबांच्या पेल्याच्या तळाशी लिंबाची एक बी पडली होती. तिनं ती पाहिली, आणि मन तिच्यावरून घसरून पुन्हा गाठीकडे गेलं. ब्रेकनंतर दर वेळी खोली अशीच असे. आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला दर वेळी थोडं वाईट वाटे. माहेराहून परतलेली सून घर अस्ताव्यस्त दिसलं की तोंडानं करवादते आणि मनातून सुखावते, तेवढं सुख तिला या खोलीनं चौदा वर्षांत एकदाही दिलं नव्हतं. घरी ते दोन दिवस ती पाचला उठून बसे. हात रिकामे राहायला तयार नसत. पडद्याच्या दोरीला, पिठाच्या पिशवीला, नवऱ्याच्या डब्याच्या फडक्याला गाठी बांधत फिरे. मास्तरांनी कवळी शोधली असेल का, मोटारबाबा उठताना डाव्या अंगावर झुकले तर कोण धरेल, असलं काहीबाही डोक्यात घोळे. आणि आल्यावर बघावं तर काही अडलेलं नाही. दोन दिवस जग तिच्यावाचून इतकं सुरळीत चाललेलं असे की तिला आपण सुट्टीवर नव्हे, फोटोत गेल्यासारखं वाटे.

कोण आलं होतं, असं तिनं शेवटी विचारलंच. घड्याळबाबांनी छताकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवर मास्तरांनी वर्तमानपत्र नाकापर्यंत उचललं, आणि ते उलटं होतं. मोटारबाबांनी पांघरुणाखाली उजवा पाय दाबला. चाळीस वर्षं त्यांनी बस चालवली होती, काही अवघड आलं की अजून ब्रेक दाबत. घड्याळबाबा म्हणाले, कोण येणार, कुणी नाही, आणि लगेच त्यांनी मनोऱ्यावरच्या घड्याळाची गोष्ट काढली, म्हणजे काहीतरी लपवायचं होतं. ती गोष्ट अशी, की शहराच्या मोठ्या घड्याळाच्या मिनिटकाट्यावर एक जाडजूड कबूतर येऊन बसलं आणि नऊचे दहा होईनात, शाळा सुटेना, कोर्टात वकील बोलतच राहिला, एका कैद्याची शिक्षा चार तासांनी वाढली, तेव्हा यांनी दोरावरून लोंबकळत जाऊन कबुतराची समजूत काढली. कबूतर दर वेळी जाड होत असे. आज ते जवळजवळ बदकाएवढं झालं. ती हसली नाही. त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. पेला तोंडाशी नेताना निम्मं पाणी छातीवर सांडावं असे ते हात, पांघरुणावर पानासारखे थरथरत होते.

अकराला जिन्यात पावलं वाजली. पुढं व्यवस्थापक, मागं त्या बाई, चाळिशीच्या, हातात फाईल, पायात नव्या चपला. डावी टाच चावली होती. हिच्या नजरेला आधी तेच दिसलं, आणि कापसाचा बोळा कुठल्या कपाटात आहे तेही आठवलं, पण आज तो द्यावा की नाही हे कळेना. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, खाटा मोजल्या, चादरींवर हात फिरवला. मग व्यवस्थापक बोलू लागला. तो खोटं एक अक्षर बोलला नाही, हेच तर वाईट होतं. म्हणाला, ही बाई कामाला उत्तम आहे, पण जागा अशी नाहीच, गरज पडते तेव्हा बोलावतो, आणि तिच्या ब्रेकच्या दोन दिवसांत वर कुणालाच ठेवत नाही, स्वयंपाकी चहा-जेवण आणून देतो, खालची मावशी डोकावून जाते, तेवढंच. चौदा वर्षांत त्या दिवसांची एक तक्रार नाही. काही म्हणता काही अडत नाही. वाटल्यास यांनाच विचारा.

बाईंनी विचारलं. आणि सहा म्हाताऱ्यांना इतका आनंद झाला, की जणू याच प्रश्नासाठी ते चौदा वर्षं दाढ्या करून बसले होते. मास्तर आधी बोलले, वर्गात बोलावं तसे. म्हणाले, काडीचं अडत नाही, हिनंच लावलेली शिस्त आहे, आम्ही पाचला उठून आपापली चादर ओढतो, चपला लावतो, दुसरी कुणी पाठवू नका म्हणून मीच दर वेळी खाली चिठ्ठी धाडतो. मोटारबाबा म्हणाले, एकदम नंबर एक. मुके बाबासुद्धा मान हलवून हलवून अनुमोदन देत होते. तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की ते तिची तारीफ करताहेत. चार दिवसांची बदली चौदा वर्षं राहते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा दुसरी आली तर तीही राहील आणि आपली जाईल, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता, आणि दर ब्रेकला तिची जागा राखून ठेवली होती, गर्दीच्या गाडीत रुमाल टाकून ठेवावी तशी. बाईंचं पेन कागदावर करकरत होतं. प्रत्येक करकरीबरोबर ती जागा थोडी थोडी नाहीशी होत होती. गप्प बसा, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण तेवढ्यात घड्याळबाबा म्हणाले, एवढंच कशाला, हे बघा, आणि पायजम्याची गाठ एका बोटानं सोडून त्यांनी ती सगळ्यांसमोर पुन्हा बांधली. हात नाडीशी पोचेपर्यंत लटलटत होते. नाडी चिमटीत आली आणि स्थिर झाले, डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवताना चाळीस वर्षं राहत होते तसे. मोठा कान, लहान कान, टोक आत, आडवा फेर. दोन वर्षं रोज पाहून शिकलो, ते अभिमानानं म्हणाले, आता ब्रेकला सगळ्यांच्या मीच बांधतो.

म्हणजे दुसरी कुणी नव्हतीच. सुटले, असं तिला वाटलं, आणि त्याच श्वासाला, बुडाले. त्या बाई आता फाईल मिटायच्या बेतात होत्या. व्यवस्थापक आपल्या बुटांकडे पाहत होता. ती काहीतरी करायला हवं म्हणून, हातांना दुसरं काही सुचत नाही म्हणून, घड्याळबाबांचा पेला उचलून नीट ठेवायला गेली, आणि तळाशी ती बी पुन्हा दिसली. लिंबू तिनं पिळलं होतं. परवाच्या आदल्या संध्याकाळी, जाता जाता, त्यांच्या तोंडाला चव नव्हती म्हणून. तेव्हा एक बी निसटून पेल्यात पडली होती आणि चमच्यानं काही केल्या सापडली नव्हती. तिनं ताटली बाजूला केली, वास घेतला. मग मास्तरांचा पेला उघडला. ताटलीवर धुळीची नाजूक साय धरली होती. मग तिसरा. मग तिनं घड्याळबाबांच्या ओठांकडे पाहिलं, दर ब्रेकनंतर फुटलेले असत त्या ओठांकडे. वारं कोरडं आहे म्हणून दर वेळी ती त्यांना साय लावत आली होती. चौकशी, बाई, पेन, अर्ज, सगळं तिच्या डोक्यातून पार निघून गेलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे पाणी मी ठेवून गेले ते आहे. तुम्ही दोन दिवस पाणी प्यायला नाहीत?”

मोटारबाबांचा पाय पांघरुणाखाली दाबतच राहिला, पण उतार फार होता, गाडी थांबली नाही. त्यांना खोटं बोलता येत नसे. हळूहळू त्यांच्याकडूनच सगळं बाहेर आलं. सकाळी गोळीपुरता अर्धा कप चहा घ्यायचा, जेवण निम्मं ठेवायचं, पाणी अजिबात नाही. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की कुणीतरी धरावं लागतं, धरायला कुणी नाही, आणि पडलं किंवा कपडे भिजले की खाली कळतं, खाली कळलं की दुसरी येते. म्हणून सकाळी अंथरूण आवरून झालं की खाटेवर बसायचं आणि बसूनच राहायचं. मास्तर पाढे म्हणतात, घड्याळबाबा कबुतराची गोष्ट सांगतात. अंग पुसणं नाही. मुक्या बाबांची कूस बदलणं मात्र ते करू पाहतात, चौघं मिळून, पण गेल्या खेपेला ते जमलं नव्हतं. त्यांच्या पाठीवरचा लाल डाग तिला आठवला. तो तिनं चादरीच्या सुरकुतीच्या माथी मारला होता. मास्तरांचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. गैरहजेरीत वर्गानं शिस्त पाळली आणि तरी मार मिळतोय, असा त्यांचा चेहरा झाला होता. तिला त्या सहाही जणांना एकेक चापट मारावीशी वाटत होती आणि प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवावासा वाटत होता. तिनं दोन्ही केलं नाही. ती फक्त सहा पेले एकात एक घालू लागली, भरलेले आहेत हे विसरून, आणि जुनं पाणी तिच्या साडीवर, फरशीवर, चौकशीच्या बाईंच्या नव्या चपलांवर सांडलं.

बाई मागं सरकल्या नाहीत. त्या घड्याळबाबांच्या खाटेच्या कडेवर बसल्या. मग विचारलं, “आणि तिसऱ्या दिवशी काय करता?”

घड्याळबाबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग समजूत घातल्यासारखे बाईंना म्हणाले, “तिसऱ्या दिवशी ही येते ना.”

बाईंनी वर लिहिलं होतं त्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली नवीन लिहायला घेतलं. पुष्कळ लिहिलं. व्यवस्थापकाला त्यांनी अर्जातल्या जुन्या मावशीच्या नातवाचं वय विचारलं आणि त्यानं ते अगदी बरोबर सांगितलं. जाताना जिन्यापाशी त्या एवढंच म्हणाल्या की निर्णय वरून होईल, वेळ लागेल, पण तोवर या बाईंना ब्रेक देता येणार नाही, तसं लेखी येईल. मग टाच उचलून भिंतीला हात टेकला. आता तिनं कापूस आणून दिला. त्यांनी तो घेतला, आणि ‘पद’ हा रकाना मोकळा आहे, तो भरून द्या, असं सांगून लंगडत उतरल्या.

पद अजून ठरायचं आहे. कागद वर गेला आहे आणि वरचे जिने लांब असतात. पण ऐंशी दिवस उलटले आणि एक्याऐंशीवा उजाडला, तेव्हा सुट्या कागदावर पेन्सिलीचा गोल नव्हता. ती सातला वर आली तेव्हा चादरी आधीच ताठ ओढलेल्या होत्या, चपला ओळीत होत्या, आणि सहा म्हातारे खाटांवर पाठ ताठ करून, तोंडं मिटून बसले होते, बंदोबस्ताला बसल्यासारखे. तिला पाहून मास्तरांनी आधी तारीख पाहिली. घड्याळबाबांनी संशयानं विचारलं, आज ब्रेक ना तुझा. नाही, ती म्हणाली. उद्या? उद्याही नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग स्टुलावरची ताटली काढून त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला. निम्मं छातीवर सांडलं, निम्मं प्यायले, आणि पेला तिच्यापुढे धरला. तिनं भरला. तोही प्यायले. मग मास्तर, मग मोटारबाबा, मग मुके बाबा, मग पलीकडचे दोघं. त्या दिवशी वरच्यांनी मिळून आख्खी टाकी रिकामी केली आणि खाली भाताला पाणी उरलं नाही, असं स्वयंपाकी अजून सांगतो. त्यात टाकी जरा मोठी होते खरी, पण दहा वाजल्यापासून तिला श्वास घ्यायला सवड मिळाली नाही हे खोटं नाही. एकाला धरून न्यावं तर दुसरा हाक मारी, दुसऱ्याला बसवावं तर तिसऱ्यानं नाडी ओढलेली असे. तिनं सहा जणांच्या गाठी किती वेळा सोडल्या नि बांधल्या त्याला मोजदाद नाही. दुपारी घड्याळबाबांना चौथ्यांदा उभं करताना ती म्हणाली, बाबा, आता स्वतः बांधा की, येते तुम्हाला. ते दोन्ही हात वर धरून उभे राहिले, पानासारखे थरथरणारे, आणि म्हणाले, छे, मला कुठली येते.